पंचफुलाबाईंचं अधिवेशन

परराष्ट्र धोरणावर चर्चा चालू असली की आमच्या गावात कुणाचंच दळण होत नाही.

हे मी अलंकारिक बोलत नाही. गावात पिठाची गिरणी एकच, ती पंचफुलाबाई वानखड्यांची. गिरणीच्या कोपऱ्यात, पीठ उडू नये म्हणून जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक टीव्ही आहे. त्याच्या काचेपुरती ओढणी बाजूला केलेली असते, आणि काचेत दिल्लीतलं संसदेचं कामकाज चालू असतं. पाणीपुरवठा, रस्ते, टपालखातं असे विषय असले तर संसद आणि गिरणी दोन्ही एकदम चालतात. पण परराष्ट्र मंत्री उत्तराला उभे राहिले, की पंचफुलाबाई खटका खाली ओढतात. पट्टा फडफडत थांबतो. रांगेतल्या बायका कपाळाला हात लावतात.

"माय, अर्धा डबा राह्यला माहा!"

"राहू दे. देशाचा प्रश्न आहे."

एकदा शोभा जवंजाळ ज्वारीचा डबा घेऊन धावत आली. शोभा म्हणजे आमच्या गावची सरपंच. त्या दिवशी तिच्याकडे अचानक पाहुणे टपकले होते आणि घरात चिमूटभर पीठ नव्हतं. इकडे गिरणी बंद, तिकडे काचेत शेजारी देशांबद्दल काहीतरी गंभीर चाललेलं. शोभा दहा मिनिटं थांबली, मग म्हणाली, "माय, माह्याही घरी परराष्ट्रातूनच आले पाव्हणे. जालन्याहून."

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. क्षणभर विचार केला. "तातडीची सूचना म्हणून घेते," त्या म्हणाल्या आणि खटका वर केला.

मी मूळचा मेहकर तालुक्यातला, हिवरा आश्रमच्या अलीकडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन या गावात आलो. गाव उंद्रीपासून जवळ, पण उंद्रीला बस सोडली की पुढे ऑटो भरेपर्यंत बसून राहायचं. राहायला खोली मिळाली ती गिरणीच्या मागची. मधली भिंत एकच. त्यामुळे गेली सहा वर्षं मी घरात भाकरी थापत असलो तरी मला हरकतीचे मुद्दे ऐकू येतात.

पंचफुलाबाई सत्तरीकडे झुकलेल्या. उंच, काटक, भुवयांवर कायम पिठाचा पांढरा थर. शिक्षण सातवी. गिरणीत टीव्हीच्या वर संविधानाची प्रास्ताविका फ्रेम करून लावलेली आहे. तिच्यावर मात्र पिठाचा कण दिसणार नाही. सकाळी गिरणी उघडली की आधी ती काच पदरानं पुसायची, मग खटक्याला हात. घरातलं, दारातलं, सगळं बोलणं संसदेच्या भाषेत. रांगेत कुणी डबा पुढे सरकवला की "हे कामकाजातून काढून टाका" म्हणत तो डबा स्वतः उचलून मागे ठेवणार. दोघींचं भांडण लागलं की "बैठ जाइए! बैठ जाइए!" वादाच्या दोन्ही बाजू ऐकल्यावर आवाजी मतदान. माझ्याशी बोलताना मधेच बोट वर करून म्हणणार, "सर, हे रेकॉर्डवर घ्या." रेकॉर्ड म्हणजे मी. सहा वर्षांत इतकं रेकॉर्डवर घेतलंय की माझं डोकं म्हणजे सरकारी दप्तर झालंय.

हिंदी भाषणं त्यांना उत्तम कळतात. इंग्रजी भाषण असलं की आवाज बंद करून नुसतं बघतात.

"आवाज काऊन बंद केला?" मी एकदा विचारलं.

"शब्द कळत नाहीत, तं कायले ऐकायचे? हात पाह्यते मी. खरं बोलणाऱ्याचे हात शांत असतात. हा पाह्य, कसा पाखरं हाकलल्यासारखा करून राह्यला."

परराष्ट्र धोरणावर त्यांचं मत पक्कं होतं. "शेजारी बदलता येत नाही, सर. त्याच्या चुलीचा धूर आपल्याच घरात येते. म्हणून त्याले रोज विचारायचं, काय शिजवून राह्यला?" हवामान बदलावरही त्यांना दिल्लीची गरज नव्हती. पूर्वी उन्हाळ्यात आणलेली ज्वारी कशी खडखडीत असायची, आता भर मार्चात दाणा सरदलेला येतो आणि पीठ दगडाला चिकटतं, छिन्नीसारखी टाकी लावून दगड पुन्हा पुन्हा खरवडावा लागतो. "मोसम बदलला का नाही हे दिल्लीत इचारून राह्यले. माह्या दगडाले इचारा म्हणावं."

पण त्या खऱ्या पेटायच्या त्या प्रादेशिक विकासावर. एकदा कुणी सदस्य आमच्या भागाला 'पिछड़ा' म्हणाला. पंचफुलाबाई हातातली चाळणी घेऊन टीव्हीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मागास? आम्ही मागास नाही रे बाबू. आम्हाले मागं ठेवलं. दोन्हीत फरक आहे, दुरुस्ती कर!" मग माझ्याकडे वळून, "जिल्ह्याच्या गावाले रेल्वे नाही, सर. भाषणात मात्र दरवर्षी गाडी येते, थांबते, अन् निघून जाते. आपण फलाटावरच."

गाव हसायचं. पोरं त्यांना 'लोकसभाबाई' म्हणायची. मोठी माणसंही पाठीमागे म्हणायची की नवरा गेल्यापासून बाईचं डोकं जरा फिरलंय. मीही हसायचो. मग ती दुपार आली.

श्रावण संपत आला होता. वरच्या शिवारावर आभाळ अक्षरशः ओतलं. दीड-दोन तासांत नाल्याचा बांध फुटला, आणि वीस-पंचवीस जणांच्या शेतातली सोयाबीन मुळासकट गेली. सोयाबीन गेली ते एक, पण खालची मातीच गेली. चार बोटं काळी माती जिथं होती तिथं दुसऱ्या दिवशी पांढरे गोटे चमकत होते. पिढ्यान्‌पिढ्यांची माती, ती काही पुढच्या पेरणीला परत येत नाही.

लोकांनी पंचनाम्यासाठी अर्ज केले. आठवड्यानं उत्तर आलं: त्या दिवशी गावात हलका पाऊस झाल्याची नोंद आहे. अतिवृष्टी नाही, तर पंचनामा नाही.

गिरणीत त्या दिवशी दळण कमी आणि बोलणं जास्त होतं. सगळे चिडलेले, पण चिडून करणार काय? सरकारी आकडा होता. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या. आकड्यापुढं कोणाचं चालते?"

पंचफुलाबाई दगड खरवडत होत्या. हातातली टाकी थांबली.

"आकडा कोठून आला?"

"यंत्रातून. पाऊस मोजायच्या."

"हाव, पण यंत्र कुठी आहे?"

कुणालाच धड सांगता येईना. यंत्र आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण कुठे आहे ते बघायला कधी कुणी गेलंच नव्हतं. पंचफुलाबाई उठल्या, हात झटकले आणि मला म्हणाल्या, "चला सर. मोबाईल घ्या."

यंत्र सापडायला अर्धा तास लागला. जुन्या बंद गोदामाच्या मागे, कमरेइतक्या गाजरगवतात एका खांबावर ते उभं होतं. वरून कडुनिंबाची फांदी आडवी आलेली. एका बाजूनं गोदामाच्या पत्र्याची वळचण. आणि ज्या नरसाळ्यात पाऊस पडायचा, त्या नरसाळ्यात काड्या, सुतळी, कापूस असं निगुतीनं रचलेलं चिमणीचं घरटं.

मला वाटलं, आता बाई बोंब ठोकणार. पण त्या पदर सावरून वाकल्या, घरट्यात पिल्लं नाहीत ना ते आधी पाहिलं. मग सरळ झाल्या.

"सर, हे रेकॉर्डवर घ्या."

या वेळी मी हसलो नाही. फोटो काढले. चारी बाजूंनी.

ग्रामसभा शुक्रवारी होती. तालुक्याहून एक साहेब आले होते. अध्यक्षस्थानी सरपंच शोभा. पण शोभा खुर्चीवर बसायची आणि बोलायचा तिचा नवरा, हा रिवाज होता. साहेबांनी चहा घेतला, घड्याळ पाहिलं आणि नियम सांगितला. यंत्राची नोंद अंतिम असते, वैयक्तिक अंदाजाला अर्थ नसतो, आपल्या भावना मी वर कळवीन. शोभाचा नवरा म्हणाला, "साहेबांनी एवढं सांगितलं म्हणजे विषय संपला. पुढचा विषय घ्या."

"हरकतीचा मुद्दा!"

मागून आवाज आला. पंचफुलाबाई उभ्या होत्या. धुतलेलं पांढरं लुगडं, भुवयांवर आज पीठ नाही. त्या वेगळ्याच दिसत होत्या. दोन-चार पोरं फिदीफिदी हसली.

"आजी, तुम्ही बसा," साहेब म्हणाले.

"मी बसणार नाही. बसवायचा अधिकार अध्यक्षाले असते. तुम्ही अध्यक्ष नाही." मग शोभाच्या नवऱ्याकडे बोट करून, "अन् तू तं सभागृहाचा सदस्य बी नाही. प्रेक्षक गॅलरीत बस."

हशा झाला. शोभाचा नवरा लाल झाला. साहेब सावरून म्हणाले, "आजी, सरकारी यंत्र आहे ते. तुमच्याजवळ काय पुरावा आहे?"

पंचफुलाबाईंनी पिशवीतून एक डबा काढला. सरळ भिंतीचा, स्टीलचा, दळणाचा. त्या दिवशी गिरणीच्या उघड्या गच्चीवर वाळत घातलेला विसरला होता. पाऊस थांबल्यावर तो काठोकाठ भरलेला त्यांनी पाहिला होता, मीही पाहिला होता. त्यांनी तो नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हा पटलावर ठेवला. वीतभर उंच आहे. मोजा."

साहेब हसले. "डबा शासनमान्य नाही ना, आजी."

"मान्य. डबा शासनमान्य नाही. पण साहेब, तुमचं यंत्रही पाखरांनी मान्य केलेलं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून मोबाईल साहेबांसमोर धरला. सरकारी नोकर मी, पण उठलो. पंचफुलाबाई बोलतच होत्या, "चिमणीनं त्यात घर केलं. वर फांदी, बाजूले टीन. परवा दिल्लीत तासभर चर्चा झाली, मोसम कसा बदलून राह्यला, गावोगाव कसं मोजलं पाहिजे. मी ऐकली पूर्ण. गिरणी बंद ठेवून ऐकली. दिल्ली म्हणते मोजा, अन् तुम्ही घरट्यात मोजून राह्यले. आमची माती वाहून गेली, ते काय चिमणीले इचारून गेली?"

आता कुणी हसत नव्हतं.

"फोटो कधीचा, कुठला, ते तपासावं लागेल," साहेब म्हणाले. "मी वर कळवतो. तुम्ही बसा."

"उत्तर नसलं तं तसं सांगा. उत्तर येईपर्यंत मी उभी आहे."

आणि त्या उभ्या राहिल्या. पुढचा विषय निघाला, नळाचा, त्या उभ्याच. त्याच्या पुढचा निघाला, त्या उभ्याच. कुणीतरी खुर्ची आणली, ती हातानं बाजूला सारली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. गुडघे दुखतात त्यांचे, मला ठाऊक होतं; एक हात खांबाला टेकला होता, पण हनुवटी वर होती. हळूहळू मागच्या बाजूला, ज्यांची माती गेली होती ती माणसं एकेक करून उठून उभी राहिली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. नुसती उभी.

शोभाचा नवरा काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात शोभा म्हणाली, "तुम्ही थांबा."

सरपंच झाल्यापासूनचं तिचं सभेतलं ते पहिलं वाक्य. तिनं डोक्यावरचा पदर मागे सरकवला. "साहेब, यंत्र इथून पाच मिनिटांवर आहे. तुम्ही पाहून या. तोपर्यंत सभा तहकूब. आम्ही सगळे इथंच बसून राहू." जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, उभे राहू."

साहेबांना जावं लागलं. गाजरगवतातून पँट सावरत ते गेले, परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. माणूस वाईट नव्हता. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आजी बरोबर आहेत." मग स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

सगळं गोड झालं असं नाही. पंचनामे झाले, पण दोन महिने लागले, आणि तिघांची नावं यादीतून कशी गळली ते अजून कळलेलं नाही. त्यांच्यासाठी शोभा चिखलीला तहसीलमध्ये खेटे घालते आहे, एकटी, नवरा घरी. गेलेली माती गेलीच. पण यंत्र आता शाळेच्या मैदानात उघड्यावर आहे, आणि माझी मुलं रोज सकाळी त्याचा आकडा फळ्यावर लिहितात.

बदललं ते पंचफुलाबाईंचं गावातलं स्थान. पोरं 'लोकसभाबाई' म्हणेनाशी झाली. गिरणीत डबे आपोआप रांगेत लागायला लागले. परराष्ट्र मंत्री उभे राहिले की बायकाच एकमेकींना म्हणायच्या, "चूप, चर्चा आहे." आणि पंचफुलाबाई काहीही बोलल्या तरी सगळ्यांचं एकच उत्तर: "हाव माय, तुमचंच बरोबर."

मला वाटलं होतं, बाई खूश असतील. उलटंच झालं. महिन्याभरात भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला. 'बैठ जाइए' ऐकू येईना. टीव्ही चालू असायचा आणि गिरणीही चालूच, विषय कुठलाही असो.

एका दुपारी मी दळण घ्यायला गेलो. रांगेत सात-आठ जणी होत्या. पंचफुलाबाई एकदम म्हणाल्या, "मी म्हणते, देशाले परराष्ट्र खातं पाहिजेच कायले? बंद करून टाका."

मी चमकलो. बायका म्हणाल्या, "हाव माय. बरोबर."

"अन् रेल्वेही नको आपल्याले."

"नको माय. कायले पाहिजे?"

पंचफुलाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि टीव्ही बंद केला.

बायका गेल्यावर मी थांबलो. त्या पिठाच्या पेटीच्या काठावर बसल्या होत्या. "तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"तब्येतीले काय धाड भरली," त्या म्हणाल्या. मग किसनरावांबद्दल बोलायला लागल्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याबद्दल. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"माणूस असा का कधी हाव म्हणला नाही. मी म्हणलं ज्वारी पेरा, तो म्हणे तूर. मी म्हणलं पाणी येते, तो म्हणे नाही येत. एकदा चिंब भिजून घरी आला, तरी म्हणे, ह्याले पाणी म्हणतेत का?" त्या हसल्या. "हा टीव्ही त्यानंच आणला. तो या बाजेवर, मी त्या बाजेवर. मी सरकारकडून, तो विरोधी. रोज भांडण. जेवण निवून जाये. पुढं निवडणूक झाली, सरकार बदललं. तं दुसऱ्या दिवशी आम्ही बाजा बदलल्या. तो म्हणे, मी नेहमी विरोधीच बसणार, सरकार कोणाचंही असो."

"मग?"

"मग काय. शेवटी दवाखान्यात होता. मी म्हणलं, तुम्ही बरे होऊन घरी येता. तो म्हणे, नाही." पदरानं त्यांनी भुवया पुसल्या, पीठ होतं, दुसरं काही नसावं. "तेवढं एकदा त्याचं खरं झालं. बाकी जन्मभर मीच बरोबर होते, सर. हे रेकॉर्डवर घ्या."

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला, कुणी उंद्रीला निघालं होतं. त्या म्हणाल्या, "गाव हसे तेव्हा बरं होतं. हसणारा निदान ऐकून तं घेते. आता सगळे माना हलवतेत. हाव हाव. घरात विरोधी पक्षच नाही राह्यला. नाही म्हणायले माणूस आपला लागते, सर. परका कायले नाही म्हणीन?"

मी शाळामास्तर, आयुष्यभर साहेबापुढे, पालकापुढे मान हलवत आलेला माणूस. डबा उचलला, दारापर्यंत गेलो. मग परत वळलो.

"पंचफुलाबाई, ते इंग्रजी भाषणांचं तुमचं साफ चूक आहे."

त्यांनी मान वर केली. "काय?"

"हात पाहून माणूस ओळखता येत नाही. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांचेच हात सगळ्यात शांत असतात. वीस वर्षं पाहतोय मी."

"तुम्हाले काय समजते?"

"मला समजतं. तुम्ही आवाज चालू ठेवून ऐकलं पाहिजे. मी अर्थ सांगेन. पण तुमचा तो हातांचा सिद्धांत मला मान्य नाही."

पंचफुलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कोपऱ्यातून एक स्टूल ओढला आणि टीव्हीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवला. "इकडं नाही. तिकडं बसा." मी बसलो. त्यांनी टीव्ही लावला, आवाज मोठा केला. कुठलं भाषण चालू होतं ते मला आठवत नाही, कारण पुढचा तासभर आम्हा दोघांपैकी कुणीच ते ऐकलं नाही. मी एक मुद्दा मांडला की त्या तीन खोडायच्या. मला 'बैठ जाइए' झालं. माझं एक वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात आलं. मी सभात्यागाची धमकी दिली, तर म्हणाल्या, "जा! डबा इथंच राह्यला तुमचा!" त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जात असणार, कारण शोभा धावत आली आणि दारातच थबकून हसायला लागली.

दिवेलागणीला मी निघालो. माझा घसा बसला होता. पंचफुलाबाई दारापर्यंत आल्या. चौकटीला हात टेकून, कधी नव्हे ते हळू आवाजात, त्यांनी विचारलं,

"सर, उद्या येसान ना? हाव म्हणायले येऊ नका पण. असं तं नाही ना, का आज म्हाताऱ्या बाईचं मन राखलं?"

"नाही," मी म्हणालो.